श्वासांची नोंद आणि संदर्भांची खतावणी

नौपाड्यात गोखले रस्त्याच्या आतल्या बाजूस असलेल्या आमच्या जुन्या घरात, पावसाळा ओसरून पहाटेची हवा बोचू लागली की माझ्या वडिलांचा दमा हटकून उचल खाई. आणि मग खाटेच्या काठावर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ते श्वास बाहेर टाकू लागले की छातीतून निघणारी बारीक शीळ मधल्या खोलीत आम्हा भावंडांना स्पष्ट ऐकू येई. उजाडता उजाडता डॉक्टर येत, ॲड्रिनलिनची सुई टोचत, आणि वडील नेहमीच्या लोकलने कचेरीस निघत. त्या रात्रींची नोंद आईच्या स्मरणापलीकडे कोणत्याही दफ्तरात झाली नाही. पुढे परळच्या एका वैद्यकीय ग्रंथालयात माझी सारी नोकरी झाली, तेव्हा दम्याविषयीचा कोणताही लेख हाती आला की त्याचे टिपण करून ठेवण्याची सवय मला जडली ती याच कारणाने. निवृत्तीनंतर त्या टिपणांचा गठ्ठा सवडीने सोडला, आणि ध्यानात आले की येथे दोन मोजण्या समांतर चालत आल्या आहेत: एक रोग्यांच्या श्वासाची, दुसरी संशोधकांच्या लेखांची, आणि दुसरीने पहिलीला वारंवार मागे सारले आहे.

गठ्ठ्यातील सर्वांत जुने टिपण लोणावळ्याचे आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधामातून ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले, ते आसन-प्राणायामाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याच्या हेतूने. आणि 1967 साली त्यात डॉ. एम. व्ही. भोळे यांचा दम्यावरील यौगिक उपचारांचा लेख प्रसिद्ध झाला. पुढे 1985 साली बंगळुरूच्या नागरत्ना आणि नागेंद्र यांनी 53 रोग्यांना दोन आठवडे योगाचे शिक्षण देऊन, तितक्याच तुल्य रोग्यांशी त्यांची तुलना केली व तो अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापला गेला. या दुसऱ्या लेखाची रीत काटेकोर होती, हे निर्विवाद. तथापि जगाने मुख्यत्वे तोच वाचला याचे श्रेय जितके त्याच्या रीतीस तितकेच तो ज्या पत्राच्या मुखपृष्ठाआड होता त्यासही द्यावे लागेल. माझे वडील उतारवयात घंटाळीच्या योगवर्गास नेमाने जात. या दोन्ही लेखांपैकी एकही त्यांच्या दृष्टीस पडला नव्हता.

ज्या लेखापाशी मी अधिक काळ थांबतो तो मात्र परळचाच. केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी 1970 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईची हवा आणि मुंबईकरांची छाती यांचा संबंध तीन वर्षे पाठपुरावा करून तपासण्याचे योजिले. गिरण्यांचे परळ, खत व तेलशुद्धीकरण कारखान्यांचे चेंबूर, आणि त्या मानाने निवांत खार अशा वस्त्या त्यांनी निवडल्या, आणि ताडून पाहण्यासाठी एक ग्रामीण भागही घेतला. घरोघर जाऊन खोकला आणि धाप यांची विचारपूस करावयाची, फुप्फुसांची क्षमता मोजावयाची, आणि त्याच वेळी हवेतील घटक मोजावयाचे, असा तो खटाटोप होता. पहिल्या वर्षाचे निष्कर्ष 1980 साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये आले, हे पत्र 1955 पासून त्याच आवारातून निघत आले आहे. आमच्या ग्रंथालयातील त्या खंडाची कापडी बांधणी दोनदा नव्याने करावी लागली, आणि मागच्या पानावरील देवघेवीची चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवावी लागली. एखाद्या लेखाचा उल्लेख इतर किती लेखांत झाला, हे आज क्षणात काढता येते. परंतु बोटांच्या घामाने काळवंडलेल्या पानांच्या कडा कोणत्याही निर्देशांकात धरल्या जात नाहीत.

दम्याची जागतिक शिरगणती म्हणता येईल असा उपक्रम त्यानंतर झाला. 1991 साली आरंभलेल्या ‘आयझॅक’ या बालकांच्या पाहणीचा पहिला वृत्तांत 1998 च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला, तेव्हा त्यात 56 देशांतील 155 केंद्रांमधल्या 13-14 वर्षांच्या 4,63,801 मुलामुलींची उत्तरे होती, आणि पुढील फेरीच्या कोष्टकांत बोरिवली, पिंपरी, एवढेच नव्हे तर पुण्याची रास्ता पेठ अशी नावे परदेशी शहरांच्या पंक्तीस बसलेली पाहून मला मनापासून आनंद झाला होता. प्रश्नावलीतील कळीचा शब्द मात्र इंग्रजी होता, आणि प्रत्येक भाषेत त्याचा अर्थ थोडा सरकत असे. म्हणून त्या मंडळींनी धाप लागलेल्या रोग्यांची चलच्चित्रे दाखवून विचारण्याचीही सोय केली. आपल्याकडे छाती घरघरते, सुंसुं करते, भाता चालतो, श्वास लागतो. यांतील कोणता शब्द टिकमार्क करणाऱ्या मुलाच्या कानात होता, यावर आकडा ठरणार.

आकडा व्याख्येवर कसा झुलतो याचा याहून लख्ख दाखला मुंबईतच मिळाला. डॉ. रोहिणी चौगुले आणि सहकारी यांनी युरोपीय श्वसनस्वास्थ्य पाहणीच्या पद्धतीने 20 ते 44 वर्षांच्या मुंबईकरांची तपासणी करून 1998 साली जो लेख प्रसिद्ध केला, त्यात डॉक्टरांनी निदान केलेला दमा 3.5 टक्के निघाला, आणि श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलताही हिशेबात घेणारी विस्तृत व्याख्या लावली तर 17 टक्के. एकच शहर, तीच माणसे, आणि पाचपटीचा फरक.

याच काळात लेखांची मोजणी बळावत गेली. यूजीन गारफील्ड यांनी संदर्भसूचीची कल्पना 1955 साली मांडली. तिच्यातून निघालेला प्रभावांक, म्हणजे नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील लेखांचा चालू वर्षी जितक्या वेळा उल्लेख झाला त्यास त्या लेखांच्या संख्येने भागून येणारा अंक, आम्हा ग्रंथपालांच्या फार उपयोगाचा होता, कारण तुटपुंज्या अंदाजपत्रकात कोणते पत्र चालू ठेवावे आणि कोणते बंद करावे याचा अदमास त्यावरून येई. कपाटासाठी घडवलेले हे माप पुढे माणसांना लावले गेले, ही गोष्ट मला आजही खटकते. 2005 साली हिर्श यांचा एच-निर्देशांक आला, आणि 2015 साली भारतीय वैद्यक परिषदेने अध्यापकांच्या बढतीसाठी सूचीबद्ध नियतकालिकांतील लेखांची अट स्पष्ट केली. त्यानंतर ग्रंथालयात येणारे तरुण डॉक्टर ‘दम्यावर काय नवे आहे’ असे विचारण्याऐवजी ‘हे पत्र धरतात का’ असे विचारू लागले. त्यांना दोष देववत नाही; बढती अडली की संसार अडतो.

गरज तेथे बाजार उभा राहतो, तसा पैसे घेऊन छापणाऱ्या बनावट पत्रांचा सुळसुळाट झाला. पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकारी यांनी 2018 साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या पत्रांपैकी 88 टक्क्यांहून अधिक हलक्या प्रतीची असावीत. त्याच वर्षी आयोगाने 4,305 पत्रांची नावे यादीतून कमी केली. सॅन फ्रान्सिस्को येथे 2012 साली सिद्ध झालेल्या जाहीरनाम्याने माणसाचे काम त्याच्या पत्राच्या प्रभावांकाने जोखू नका असे बजावले होतेच.

तरीही याच वर्षांत मोलाचे काम झाले. 1 फेब्रुवारी 2011 या एकाच दिवशी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने 880 गावाशहरांतील 7,400 डॉक्टरांकडून त्यांच्या दवाखान्यात आलेल्या 2,04,912 रोग्यांची टाचणे जमवली; निम्म्याहून अधिक रोगी श्वसनाच्या तक्रारी घेऊन आले होते. मोठ्या रुग्णालयांऐवजी गल्लीतल्या कुटुंबवैद्याच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे संशोधनाने वळून पाहिले, म्हणून या अभ्यासाविषयी मला विशेष आदर वाटतो. त्याच्या आगेमागे प्रौढांच्या दम्याची देशव्यापी पाहणी 12 केंद्रांतील 1,69,575 लोकांच्या जबान्यांवरून 2.05 टक्के हा आकडा देऊन गेली. त्या केंद्रांत महाराष्ट्रातील मुंबई आणि नागपूर ही दोनच होती. जानेवारी 2014 मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याचे आपण वाचले, 2020 साली तेथील औद्योगिक वसाहतीतला रस्ता गुलाबी झालेला पाहिला. अशा गावाची छाती परळ-चेंबूरच्या रीतीने, वस्तीवार आणि वर्षानुवर्षे तपासली जावी, ही माझी जुनी आस आहे, मग तो लेख कोणत्याही पत्रात येवो.

आमच्या इमारतीतील एका अकरा वर्षांच्या मुलीला डॉक्टरांनी फुंकर मोजण्याची नळी दिली आहे. सकाळ-संध्याकाळ ती उभी राहून तीनदा जोराने फुंकते आणि काटा जेथे थांबेल त्यातला सर्वांत मोठा आकडा चौकटीच्या वहीत मांडते. दिवाळीच्या आठवड्यात तो 180 पर्यंत घसरला होता. काल तिने वही मला दाखवावयास आणली. शेवटच्या ओळीत 260 लिहिले होते, आणि पुढे पेन्सिलीने, ‘आज पंप लागला नाही.’