पडद्यावरचा सीसॉ

सीसॉच्या एका टोकाला वडील व दुसऱ्या टोकाला लहान मूल बसले, तर फळी वडिलांकडे झुकते. समतोल साधायचा तर वडिलांनी टेकूकडे सरकावे. पण किती?

याचे उत्तर शोधणारा खेळ संगणकावर विनामूल्य मिळतो. २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांपैकी एक, कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या संकेतस्थळावर हा सीसॉ आहे. आधारांवर आडव्या ठेवलेल्या फळीवर विटा मांडायच्या आणि मग आधार काढायचे. समजा, टेकूच्या डावीकडे १ मीटरवर २० किलोग्रॅमची वीट आहे. उजवीकडे १० किलोग्रॅमची वीट कोठे ठेवाल? २ मीटरवर; कारण २० × १ = १० × २. हाच तरफेचा नियम.

मात्र मूल नुसते विटा हलवत राहिले, तर फळी कधीतरी समतोल होते. नियम हाती लागत नाही. म्हणून शिक्षकांनी आधार काढण्यापूर्वी ‘फळी कोठे झुकेल व का?’ याचे उत्तर प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्यावे. अंदाज चुकला की मूल कारण शोधू लागते. अशा रीतीने वर्गात एकच संगणक असला तरी सारा वर्ग प्रयोगात सामील होतो.

नंतर पैलूदार पेन्सिलीवर मोजपट्टी मधोमध तोलून पाहा. एका बाजूला ५ सेंटिमीटरवर दोन सारखी नाणी ठेवा. तसेच तिसरे नाणे दुसऱ्या बाजूला कोठे ठेवाल? आधी लिहा, मग ठेवा!