मोटारसायकलीचे प्लास्टिक आणि आपल्या पत्रेकारागिरांची रोजी

अकोल्याचा पत्रेकारागीर फेब्रुवारीपासून मेपर्यंत कूलरच्या कामातून मान वर काढत नाही. पाऊस सुरू झाला की हातोडा थंड पडतो. त्यातच प्लास्टिकच्या बादलीने आणि प्लास्टिकच्या कूलरने त्याचे बरेच काम हिरावून घेतले आहे. मात्र ज्या प्लास्टिकने काम नेले, तेच आता थोडे काम परत देऊ शकते. इकडे कारागीर बंधूंचे लक्ष वेधावे, म्हणून हे चार शब्द.

रॉयल एनफिल्डने २००२ मध्ये थंडरबर्ड आणि पुण्याच्या बजाज कंपनीने २००५ मध्ये ॲव्हेंजर बाजारात आणली. तेव्हापासून लांब, बसक्या, ऐटबाज गाड्यांची आवड आपल्या तरुणांत वाढली. मुंबईत अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’ने अशा गाड्या खास बांधून देण्यात नाव कमावले. सर्वसाधारण गिऱ्हाइकाची ऐपत तेवढी नसते. त्याची मागणी साधी असते : बाजूचे कव्हर आणि दिखाऊ झाकणे प्लास्टिकची दिसतात, ती धातूची करून द्या.

कंपनी प्लास्टिक वापरते त्याला कारण आहे. ते हलके असते, गंजत नाही आणि एका साच्यातून हजारो नग निघतात. चकाकणारा भागही पुष्कळदा प्लास्टिकचाच असतो. त्यावर तांबे, निकेल व क्रोमचा पातळ थर दिलेला असतो. तो थर सुटला की पॉलिश करून परत येत नाही. काळे प्लास्टिक वऱ्हाडच्या उन्हात राखाडी पडते.

आता धातू कोणता घ्यावा? अडीच मि.मी. जाडीच्या प्लास्टिकचा एक चौरस फूट तुकडा साधारण पाव किलो भरतो. दीड मि.मी. ॲल्युमिनियमचा पावणेचारशे ग्रॅम आणि एक मि.मी. लोखंडी पत्र्याचा सुमारे पाऊण किलो. म्हणून बाजूच्या कव्हरला ॲल्युमिनियम सोयीचे. ठोकून ते कडक होते, तेव्हा मऊ करावे लागते. त्यावर साबणाची रेघ ओढून दिव्याने तापवा. रेघ काळपट झाली की आच काढा. जास्त तापवले तर पत्रा वितळेल.

जुने कव्हर मोडू नका, त्यावरून पुठ्ठ्याचा खाका काढा. आमच्या कापडाचा आणि तुमच्या पत्र्याचा नियम एकच : एका बाजूला वाकणारे सहज वाकते, दोन्ही बाजूंनी गोलाई हवी तर शिंप्याला डार्ट घ्यावा लागतो. कारागिराने तिथे वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने पत्रा फुगवावा. बादलीच्या काठाप्रमाणे कडा दुमडून घ्यावी, म्हणजे हात किंवा कपडा कापणार नाही.

बसवताना रबरी बुश व वायसर अवश्य घाला. गाडीच्या थरथरीने धातू भोकापाशी तडकतो, आणि ॲल्युमिनियमला लोखंडी बोल्ट थेट लागला तर पावसाळ्यात तिथे गंज धरतो. कव्हरमागे बॅटरी व वायरिंग असते. पत्रा बॅटरीच्या टोकाला लागला तर ठिणगी उडेल, म्हणून आतून रबरी शीट चिकटवा. गाडीवर भाग ठेवून वेल्डिंग कधीही करू नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग आहेत. एअर फिल्टरचा डबा, दिवे आणि मीटर प्लास्टिकचेच राहू द्यावेत.

कायद्याचीही मर्यादा ओळखा. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीचे मूळ स्वरूप बदलणारा फेरफार करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. तेव्हा चेसिस, सायलेन्सर व नंबर प्लेटला हात लावू नये. मागच्या चाकाची जाळी काही शौकीन तरुण काढायला सांगतात. ती निम्म्याहून कमी चाक झाकणारी नसावी, असा नियम आहे. ओढणी, साडी, बुरखा चाकात अडकून जीव जातो. गिऱ्हाईक गेले तरी चालेल, जाळी काढू नका.

शेवटची गोष्ट सचोटीची. पॉलिस्टर मिसळलेले कापड सुती म्हणून विकणे जसे पाप, तसेच मुलामा दिलेले प्लास्टिक धातू म्हणून विकणे. वरून कोरडे पण आतून ओले धान्य विकणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी टोकले आणि ओला भाग लोकांना दिसेल असा वर ठेवायला सांगितले. मजुरी आधी ठरवा, कोणता भाग कशाचा आहे ते पावतीवर लिहा, कंपनीची वॉरंटी जाऊ शकते हेही सांगा. काढलेले मूळ भाग ही गिऱ्हाइकाची अमानत आहे. ते बांधून परत द्या.

या कामाने कोणी रातोरात श्रीमंत होणार नाही. पण पावसाळ्यातही दुकानाचे शटर उघडे राहील आणि उस्तादाचा हुन्नर मुलाच्या हाती जाईल. अल्लाह आपल्या हलाल रोजीत बरकत देवो.