पहाटे तीनला वाजणारा अलार्म

अमेरिकेत उन्हाळा लागला की हायवेवर गाड्यांमागे चाकांवरची पांढरी घरे दिसू लागतात. ट्रॅव्हल ट्रेलर हे त्यांचे नाव. मोटरहोमला स्वतःचे इंजिन असते, ट्रेलरला ते नसते; पिकअपच्या किंवा मोठ्या एसयूव्हीच्या मागे तो ओढून न्यायचा. आत पलंग, ओटा, फ्रिज, मायक्रोवेव्ह, शॉवर, एसी असा सगळा संसार. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही हौसेने ट्रेलर घेतात. पुण्याहून किंवा नाशिकहून काही महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांना घेऊन यलोस्टोन पाहायचे, तर रोज हॉटेल बदलण्यापेक्षा हे बरे वाटते. आईचे इन्सुलिन फ्रिजमध्ये, वडिलांचे घोरण्याचे सीपॅप मशीन उशाशी, नातवंडे वरच्या बर्थवर.

ट्रेलर कोरा करकरीत आहे, म्हणजे काळजी नाही, असा एक समज असतो. तो चुकीचा आहे. जमिनीवरचे घर हलत नाही. हे घर प्रत्येक प्रवासात तासन् तास हादरते. कारखान्यात जेमतेम आवळलेला वायरचा स्क्रू पहिल्या तीनशे किलोमीटरमध्ये सैल होतो. भिंतीवर पट्टी ठोकताना एखादा खिळा वायरच्या आवरणात गेलेला असतो, तो कधीतरी धातूला टेकतो. त्यामुळे बिघाड जुन्या ट्रेलरइतकेच नव्यातही निघतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत जास्तच. हे ज्याला ठाऊक आहे तो विक्रेत्याकडून ताबा घेताना दोन तास खर्च करून प्रत्येक दिवा, नळ, हीटर चालू करून बघतो.

बिघाड शोधायचा तर आधी घराची रचना समजली पाहिजे. ट्रेलरमध्ये दोन वेगवेगळ्या विजा असतात. एक, कॅम्पच्या खांबावरून जाड केबलने येणारी १२० व्होल्टची. एसी, मायक्रोवेव्ह आणि भिंतीवरचे प्लग तिच्यावर चालतात. दुसरी, बॅटरीची १२ व्होल्टची. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचे नियंत्रण आणि गॅसचे अलार्म तिच्यावर. दोघींमध्ये कन्व्हर्टर नावाची पेटी असते; ती १२० व्होल्टचे १२ करते आणि बॅटरीही भरते. इन्व्हर्टर याच्या नेमके उलट काम करतो. भारतातून गेलेल्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण आपल्याकडे घरातल्या एकाच इन्व्हर्टरच्या डब्यात दोन्ही कामे होतात.

एवढे कळले की निम्मे निदान झाले. मायक्रोवेव्ह चालतो पण दिवे लागत नाहीत, तर दोष १२ व्होल्टच्या बाजूला: बॅटरीचा मुख्य खटका बंद राहिलेला असतो (नव्या मालकांची ही पहिली तक्रार), फ्यूज गेलेला असतो, किंवा बॅटरीच्या दोन वायरी उलट जोडल्याने कन्व्हर्टरवरचे मोठे फ्यूज उडालेले असतात. दिवे लागतात पण प्लग मेले आहेत, तर खांबाकडे बघायचे, मग ब्रेकरकडे, मग बाथरूममधल्या त्या छोट्या बटणाच्या प्लगकडे. साध्या मल्टिमीटरने बॅटरी मोजली तर आणखी कळते. स्थिर असताना १२.६ व्होल्ट म्हणजे नेहमीची शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली. १२ च्या आसपास म्हणजे अर्ध्याहून खाली गेलेली. केबल जोडल्यावर आकडा साडेतेराच्या आसपास चढला नाही, तर कन्व्हर्टर बॅटरी भरत नाही.

बाथरूममधल्या त्या प्लगला जीएफसीआय म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथले प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी हे साधन १९६१ मध्ये शोधले. त्याआधी त्यांनी स्वयंसेवकांवर मोजून दाखवले होते की हातातून साधारण १० ते १६ मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाह गेला की स्नायू आखडतात आणि माणसाला धरलेली वस्तू सोडता येत नाही. छातीतून ५० ते १०० मिलिअ‍ॅम्पिअर गेले तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागते, रक्त ढकलत नाही. जीएफसीआय सुमारे ५ मिलिअ‍ॅम्पिअर गळती दिसताच, क्षणाच्या एका अंशात वीज तोडतो. साध्या ब्रेकरला ही गळती दिसतच नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही.

हा प्लग वारंवार पडू लागला की मालक वैतागतो. घरासमोर ट्रेलर उभा करून गॅरेजच्या प्लगला जोडला की तिथला जीएफसीआय लगेच पडतो, मग कोणीतरी सल्ला देतो, दुसऱ्या साध्या प्लगला लाव. लावले, सगळे चालू झाले, प्रश्न मिटला. खरे तर गळती होती तिथेच आहे, फक्त ती सांगणारा आता नाही. पुष्कळदा ती गीझरच्या कॉइलमध्ये सापडते. नव्या ट्रेलरच्या पाइपांत थंडीसाठी गुलाबी अँटिफ्रीझ भरलेले असते आणि गीझरकडे जाणारे पाणी बायपासच्या वाल्वने वळवलेले असते. टाकी कोरडी, आणि मालक हौसेने गीझरचे बटण दाबतो. पाण्याशिवाय कॉइल काही क्षणांत जळते आणि फुटलेल्या आवरणातून वीज टाकीच्या धातूत झिरपू लागते.

याच्या पुढची पायरी अधिक वाईट. ट्रेलर रबरी टायरवर उभा असतो, म्हणजे जमिनीपासून तुटलेला. त्याचा अर्थिंगशी संबंध फक्त केबलमधल्या एका वायरने. ती कुठे तुटली किंवा खांबावर मुळात जोडलेलीच नसली, आणि आत गळती असली, तर ट्रेलरचा सगळा सांगाडा जिवंत होतो. आतल्या माणसाला काही होत नाही, तारेवर बसलेल्या पक्ष्यासारखे. पण पाऊस पडून गेल्यावर ओल्या गवतात अनवाणी उभे राहून कोणी दाराच्या कडीला हात लावला, की वर्तुळ पूर्ण होते. कोरड्या त्वचेचा विरोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो, ओल्या त्वचेचा हजारावर उतरतो. १२० भागिले हजार, म्हणजे १२० मिलिअ‍ॅम्पिअर. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यामुळे अशी वाहने आता आपल्याकडेही दिसतील. इथे तर वीज २३० व्होल्टची, आणि कोकणातला पाऊस वेगळा सांगायला नको.

दाराला हात लावताना झिणझिण्या आल्या तर त्या ‘स्टॅटिक’ म्हणून सोडू नयेत. सुका हात मागे घ्यावा, मुलांना दूर करावे आणि खांबावरचा ब्रेकर बंद करावा. स्पर्श न करता वीज ओळखणारा पेनसारखा टेस्टर दोन-तीनशे रुपयांना आपल्याकडेही मिळतो. केबल जोडल्यावर आत शिरण्याआधी तो ट्रेलरच्या पत्र्याजवळ धरायचा. केबल जोडण्यापूर्वी खांब तपासणारे तीन दिव्यांचे किंवा त्याहून चांगले साधनही मिळते. आणखी एक खास अमेरिकी धोका. ट्रेलरचा ३० अ‍ॅम्पिअरचा प्लग १२० व्होल्टचा असतो, पण दिसायला तो तिकडच्या कपडे वाळवण्याच्या मशीनच्या २४० व्होल्टच्या प्लगचा भाऊ. घरी नवा सॉकेट बसवायला आलेला इलेक्ट्रिशियन सवयीने २४० जोडून जातो, आणि पहिल्याच मिनिटात मायक्रोवेव्हपासून कन्व्हर्टरपर्यंत सगळे जळते.

पण डॉक्टरांना सर्वांत जास्त काळजी वाटावी असा प्रसंग आवाज न करता, रात्री घडतो. यलोस्टोनच्या आत फिशिंग ब्रिजचा कॅम्प सोडला तर ट्रेलरला वीज कुठेच मिळत नाही, आणि रात्री जनरेटर चालवायला परवानगी नसते. उंची सात-आठ हजार फूट, जुलैतही रात्री दात वाजतात. फर्नेस म्हणजे खोली गरम करणारा हीटर गॅसवर चालतो, म्हणून सिलिंडर भरलेला असला की लोक निर्धास्त झोपतात. पण त्याचा पंखा बॅटरीवर असतो आणि तो सात-आठ अ‍ॅम्पिअर सहज खातो. एकच बॅटरी असेल, आणि दिवसभर दिवे, पंप, फोन चार्जिंग झाले असेल, तर पहाटेपर्यंत व्होल्टेज पडते. फर्नेस थांबतो. थोड्याच वेळात बॅटरीवरच चालणारा गॅसचा अलार्म कमी व्होल्टेजमुळे टिक टिक करू लागतो. झोपमोड झालेला मुलगा उठून त्याची वायर काढतो. आई थंडीने कुडकुडते आहे, म्हणून ओट्यावरचे दोन बर्नर पेटवून ठेवतो आणि खिडक्या घट्ट लावतो.

बंद छोट्या जागेत शेगडी जळत राहिली की हवेतला प्राणवायू कमी होतो, ज्वाला अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसे जातात, ती याच वायूने. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, मग गुंगी येते, आणि गुंगीतला माणूस दार उघडायला उठत नाही. हृदयरोग असलेल्या आजोबांच्या छातीत दुखू लागते. गर्भवती असेल तर पोटातल्या बाळाला आईपेक्षा जास्त धोका.

निदान चुकण्याच्या जागा इथे पुष्कळ आहेत. उंचीवर गेलेल्यांना तसेही डोकेदुखी आणि मळमळ होते. रात्री सगळ्यांनी एकच पुलाव खाल्लेला असतो, म्हणून विषबाधा वाटते. ओळखण्याची खूण अशी, की एकाच छताखालच्या सगळ्यांना एकदम त्रास होतो, बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटते आणि आत आले की पुन्हा सुरू होते. कुत्रा बरोबर असेल तर तोही सुस्तावतो. कोविडनंतर घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर इथे सरळ फसवतो. त्याला प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही; माणूस बेशुद्धीकडे चालला असताना तो ९८ दाखवू शकतो. पुस्तकात वाचलेला लालबुंद चेहराही जिवंत रुग्णात क्वचितच दिसतो. सगळ्यांना आधी बाहेर काढावे, मग ९११ ला फोन करावा, आणि रुग्णालयात ‘आम्ही ट्रेलरमध्ये झोपलो होतो, शेगडी चालू होती’ हे आपणहून सांगावे. त्यावरून रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिन मोजता येते. साध्या हवेत हे विष निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण दीड तास. बरे वाटले म्हणून घरी जाऊ नये. काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विस्मरण, चालण्यात अडखळणे असे त्रास सुरू होतात.

अलार्मची भाषा शिकायला पाच मिनिटे लागतात. थोड्या थोड्या वेळाने एक टिक म्हणजे बॅटरी कमी किंवा अलार्मचे आयुष्य संपले (ते पाच ते दहा वर्षांचे असते, मागे तारीख छापलेली असते). सलग जोरात भोंगा म्हणजे वायू. अमेरिकी मानकानुसार ७० पीपीएमला हा अलार्म एक ते चार तासांत वाजतो, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. म्हणून तो वाजला तेव्हा वायू काही वेळ आत होताच, असे धरावे. प्रोपेन गळतीचा अलार्म जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेहून जड. त्यात घातलेला कुजका वास ज्येष्ठांना कमी येतो, कोविडनंतर वासाची जाणीव मंदावलेल्यांनाही. काही अलार्म ‘विनाकारण’ वाजतात, तेव्हा बॅटरीचा डबा उघडून पाहावा. बिघडलेला कन्व्हर्टर बॅटरी जादा भरत राहिला की तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि अलार्म त्यालाही वायूच समजतो. म्हणजे कारण असतेच, फक्त दुसऱ्या खोलीत.

फ्रिजचे थोडक्यात. गॅसवर चालणारा फ्रिज अमोनियाच्या फिरण्यावर थंड होतो, त्यात कॉम्प्रेसर नसतो. ट्रेलर कलता उभा राहिला की तो नीट चालत नाही, आणि थंड व्हायला बरेच तास घेतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवे. मागच्या थंड पत्र्याला टेकून गोठले तर ते टाकूनच द्यावे, वितळल्यावर ते नेहमीसारखे दिसले तरी. आत दोनशे रुपयांचा थर्मामीटर ठेवावा. सीपॅपसाठी इन्व्हर्टर न लावता थेट १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घ्यावा आणि शक्य असेल तर ह्युमिडिफायर बंद ठेवावा. सगळ्यात जास्त वीज तोच ओढतो.

अनुभवी लोक नव्या ट्रेलरची पहिली रात्र घरासमोरच काढतात, खांबाची केबल काढून, नुसत्या बॅटरीवर. झोपण्यापूर्वी अलार्मची चाचणीची बटणे दाबायची, फर्नेस लावायचा, सीपॅप चालू करायचे, व्होल्टेज कागदावर लिहायचे. सकाळी सहाला पुन्हा मोजायचे आणि फ्रिजमधला थर्मामीटर बघायचा. आकडा १२ च्या खाली गेलेला असेल, तर यलोस्टोनला निघण्यापूर्वी दुसरी बॅटरी बसवून घ्यायची.