अशक्त करडाचा पहिला दिवस : आधी ऊब, मग चीक

भिलाई : शिवनाथेच्या खोऱ्यातील धानाची कापणी आटोपली, खळी मोकळी झाली आणि रिकाम्या बांध्यांत गुरे सुटली, की भिलाई-दुर्ग परिसरातील गावांत शेळ्या विण्याचा हंगाम सुरू होतो. शेळीचा गर्भकाळ साधारणतः १५० दिवसांचा असतो. मृगाच्या पावसानंतर उगवलेला कोवळा पाला खाऊन फळलेली शेळी कार्तिक-मार्गशीर्षात विते. शेळी तशी वर्षभरात केव्हाही विऊ शकते. तरीही या दिवसांत गोठ्यागोठ्यांतून करडांचे बारीक ओरडणे अधिक ऐकू येते. विदर्भातून येऊन पोलाद कारखान्याच्या आसऱ्याने येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हे दृश्य भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्याची आठवण करून देणारे आहे. फरक एवढाच, की तिकडची शेळी येथील छत्तीसगढी बोलीत ‘छेरी’ होते.

हंगाम चाऱ्याच्या दृष्टीने सोयीचा असला, तरी नवजात करडाच्या दृष्टीने तो कठोर आहे. या भागात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. आईच्या पोटातील ३९ अंशांच्या उबेतून करडू ओल्या अंगाने या हवेत येते. जेमतेम दीड-दोन किलो वजनाच्या त्या देहात उष्णतेचा साठा म्हणजे मूत्रपिंडांभोवती असलेली थोडीशी विशिष्ट चरबी. ती काही तासांत जळून संपते. सशक्त करडू तोवर उठून कासेला लागते. अशक्त करडू उठत नाही, म्हणून पीत नाही. पीत नाही, म्हणून आणखी गारठते. आणि गारठले, की चोखण्याची प्रेरणाच विझते. हे चक्र मध्येच तोडले नाही, तर सकाळी गोठ्यात निर्जीव करडू सापडते आणि घरातील मंडळी ‘रोग आला’ अशी समजूत करून घेतात. पहिल्या दिवशीच्या अनेक मृत्यूंचे खरे कारण मात्र थंडी आणि उपासमार हेच असते.

२०१९ मध्ये झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्यांची नोंद झाली. त्यांतील बहुसंख्य अल्पभूधारक आणि भूमिहीनांच्या दारी, तीन-चारच्या संख्येने बांधलेल्या आहेत. अशा घरात एक करडू जगणे किंवा न जगणे हा मुलांच्या शाळेच्या खर्चाचा प्रश्न असू शकतो. जुळ्यांसाठी ख्यात असलेल्या मराठवाड्याच्या उस्मानाबादी शेळीचे, किंवा दोन-तीन पिल्ले देणाऱ्या पूर्व भारतातील काळ्या बंगाली शेळीचे एक करडू बरेचदा इतरांहून दुबळे निघते. निरोगी भावंडे त्याला कासेपासून ढकलून देतात. आईही कधी कधी त्याला हुंगून दूर सारते.

अशा करडाला हाताने वाढवता येते. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हे कळावे लागते. दयाबुद्धीने केलेली सर्वांत घातक चूक या क्रमातच दडलेली असते. निपचित पडलेल्या करडाला पाहून घरातील माणूस प्रथम दूध आणतो आणि चमच्याने त्याच्या तोंडात ओततो. गारठलेल्या करडाला नीट गिळता येत नाही, त्यामुळे दूध श्वासनलिकेत उतरून फुप्फुसांत जाते. जे पोटात पोहोचते, तेही थंडावलेल्या आतड्यांत न पचता पडून राहते. म्हणून गार करडाला काहीही पाजायचे नाही, हा पहिला नियम.

करडू गार आहे हे ओळखण्यासाठी स्वच्छ बोट त्याच्या तोंडात घालून पाहावे. तोंड आतून थंड लागले आणि बोट चोखले गेले नाही, तर धोका आहे. गुदद्वारात लावलेला साधा तापमापक अधिक नेमके सांगतो. निरोगी करडाचे तापमान १०१ ते १०३ अंश फॅरेनहाइटच्या दरम्यान, म्हणजे सुमारे साडेअडतीस ते साडेएकोणचाळीस अंश सेल्सिअस असते. येथे एक फसगत होते. तापमापकावर ९८.६ दिसले, की माणसाला हायसे वाटते. मनुष्याच्या बाबतीत निरोगी मानला जाणारा हा आकडा करडाच्या बाबतीत तातडीच्या संकटाचा आहे.

जन्मताच नाकातोंडातील चिकट द्रव पुसून, कोरड्या गोणपाटाने किंवा जुन्या सुती कापडाने करडाला जोमाने चोळावे. त्यामुळे अंग सुकते आणि श्वासालाही चालना मिळते. नाळेचे टोक टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवावे. शेण, हळद किंवा राख लावू नये. त्यानंतर खोक्यात कोरडे तणस पसरून, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंस ठेवाव्यात. विजेचा दिवा टांगायचा असल्यास तो तणसापासून पुरेसा दूर आणि पक्का बांधलेला असावा. बंद खोलीतील शेगडीचा धूर कोवळ्या फुप्फुसांना मानवत नाही. करडू फारच गारठले असेल, तर डोके वर धरून त्याला कोमट पाण्यात ठेवतात. मात्र त्याआधी मानेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत घालावे. अंग कोरडे राहते आणि आईने चाटून ओळखलेला वास धुऊन जात नाही. तो वास गेला, तर पुढे आई त्याला जवळ करील याची शाश्वती नसते.

जन्मून पाच-सहा तास उलटलेले आणि पूर्ण गळालेले करडू असेल, तर प्रकरण अधिक नाजूक होते. त्याच्या रक्तातील साखर संपलेली असते. अशा स्थितीत नुसती ऊब दिली, तर शरीराची साखरेची मागणी एकदम वाढते आणि झटके येऊन करडू दगावते. पशुवैद्यक अशा वेळी पोटाच्या पोकळीत ग्लुकोजचे इंजेक्शन देतात आणि मगच ऊब देतात. हे काम घरी करू नये. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. मदत येईपर्यंत साखरेचे दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळणे, एवढेच हाती राहते.

तोंडात ऊब आली, मान सावरली, बोट चोखले जाऊ लागले, की मग चीक. मराठी घरात चीक म्हटला की खरवस आठवतो. परंतु शेळीच्या पहिल्या चिकावर पहिला हक्क करडाचा आहे आणि त्यामागे शरीरशास्त्रीय कारण आहे. मानवी बाळाला रोगप्रतिकारक घटक आईच्या रक्तातून वारेद्वारे जन्माआधीच मिळतात. शेळीच्या वारेची रचना वेगळी असल्याने करडू त्या संरक्षणाविना जन्मते. ते सारे घटक चिकात असतात आणि जन्मानंतरच्या थोड्या तासांतच करडाचे आतडे ते जसेच्या तसे रक्तात शोषू शकते. सहा तासांनंतर ही क्षमता ओसरू लागते आणि दिवस उलटता उलटता जवळजवळ संपते. उद्या पाजलेला चीक पोट भरील, संरक्षण देणार नाही.

म्हणूनच ‘वार पडल्याशिवाय पिल्लाला पाजायचे नाही’ ही महाराष्ट्रापासून छत्तीसगडपर्यंत अनेक गावांत पाळली जाणारी रूढी फार महाग पडते. वार पडायला कित्येक तास लागू शकतात, आणि नेमके तेच तास मोलाचे असतात. उलट करडू कासेला लागल्याने आईच्या शरीरात जे संप्रेरक स्रवते, ते गर्भाशय आकुंचित करून वार पडायला मदतच करते.

प्रमाण सोपे आहे. पहिल्या खेपेस वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५० मिलिलिटर आणि पहिल्या २४ तासांत मिळून वजनाच्या किमान दहा टक्के. दोन किलोच्या करडाला, म्हणजे, पहिल्यांदा १०० मिलिलिटर आणि दिवसभरात निदान २०० मिलिलिटर. दुबळ्या करडाला हेच थोडे थोडे करून दर तीन-चार तासांनी, रात्रीही. चीक उकळू नये. तो गोठतो आणि त्यातील संरक्षक घटक नष्ट होतात. कोमट पाण्यात भांडे ठेवून तो अंगाच्या उबेइतका करावा. आईला चीक नसेल, तर त्याच वेळी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा, तोही नसेल तर गाईचा चीक चालतो. शेजारी गोठणपेटी असेल, तर भरपूर चीक असलेल्या शेळीचा थोडा चीक लहान पिशव्यांत गोठवून ठेवणे ही हंगामाची उत्तम तयारी होय.

बाटली धरण्याची रीतही महत्त्वाची आहे. तान्ह्या बाळासारखे करडाला मांडीवर उताणे घेऊन पाजू नये. ते पायांवर उभे किंवा छातीवर बसलेले असावे आणि मान किंचित वर, जशी ती कासेखाली असते तशी. त्या स्थितीत अन्ननलिकेपुढची खोबण मिटून दूध थेट चौथ्या, म्हणजे खऱ्या पचनाच्या कोठ्यात उतरते. चोखण्याची ताकदच नसलेल्या करडाला नळीने पोटात चीक देता येतो, पण नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर जीव जातो. ते तंत्र पशुवैद्यकाकडून प्रत्यक्ष शिकूनच वापरावे. दुर्गजवळच्या अंजोरा येथे २०१२ मध्ये स्थापन झालेले कामधेनू विद्यापीठ आहे, त्यामुळे या परिसरातील पशुपालकांना असे शिक्षण दूर नाही. छत्तीसगडच्या ‘अंजोरी’ शेळीला अलीकडेच स्वतंत्र जातीची राष्ट्रीय मान्यता मिळाली. महाराष्ट्राच्या भीमथडी घोड्याचे नावही त्याच यादीत होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर धोका उपासमारीचा कमी आणि लाडाचा अधिक. बाटलीला सोकावलेले करडू सतत ओरडते आणि मुले त्याला पुन्हा पुन्हा पाजतात. जादा दुधाने हगवण लागते, आंत्रविषाराचीही भीती असते. रोजचे दूध वजनाच्या पंधरा-वीस टक्क्यांच्या आत, ठरल्या वेळी, उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीतून द्यावे. आईला विण्यापूर्वी तीन-चार आठवडे आंत्रविषार आणि धनुर्वाताची लस दिली असेल, तर ते संरक्षणही चिकातून उतरते. वार, मेलेले करडू किंवा गर्भस्राव मात्र उघड्या हाताने हाताळू नये. सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसालाही होतो, आणि गरोदर स्त्रियांनी त्या कामापासून दूरच राहावे.

शक्यतो करडू आईच्या नजरेसमोरच वाढावे. दिवसातून काही वेळा शेळीला धरून त्याला कासेला लावत राहिले, तर काही माता आठवड्याभरात त्याला स्वीकारतात. दोन-तीन आठवड्यांचे झाले, की ते इतरांचे पाहून बोरी-बाभळीचा पाला चावू लागते आणि रवंथाचे पोट कामाला लागते. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दूध हळूहळू तोडून त्याला कळपात सोडावे. पीपीआर रोगाची लसही त्याच वयात टोचून घ्यावी.