आधी माल की आधी भाव?

पारशिवनीच्या आठवडी बाजारात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या कानी भाजीवाल्याची ‘दहा रुपये पाव’ ही आरोळी आधी पडते आणि वांगी मागाहून दिसतात. उलट कापडदुकानात साडीची घडी उलगडून, पदर हाती देऊन, गिऱ्हाईक रंगात पुरते रमल्याखेरीज दुकानदार किमतीचा उच्चारही करीत नाही. या दोन रिवाजांमुळे खरेदीदाराच्या मनोव्यापारात कोणता भेद पडतो, याचा तपास मेंदूविज्ञानाने आता आरंभिला आहे.

‘हे का घेतलेत?’ या प्रश्नावर मिळणारी जबानी पुष्कळदा मागाहून जुळविलेली असते. म्हणून संशोधक एफएमआरआय यंत्राचा आश्रय घेतात. मेंदूचा जो भाग कामास लागतो तेथे प्राणवायुयुक्त रक्ताचा ओघ वाढतो, आणि त्यामुळे होणारा सूक्ष्म चुंबकीय फरक हे यंत्र टिपते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे ब्रायन नटसन व त्यांचे सहकारी यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २६ जणांना यंत्रात निजवून आधी वस्तू, मग किंमत दाखविली आणि शेवटी निर्णय विचारला. वस्तू आवडली की लाभाच्या अपेक्षेशी निगडित असलेले न्यूक्लियस अक्युम्बेन्स हे केंद्र अधिक सक्रिय होई. किंमत अवाजवी असली की इन्सुला हा भाग चेते, जो वेदना आणि किळस यांच्या वेळीही चेततो.

पुढे उमा करमरकर, बाबा शिव आणि नटसन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा क्रमच पालटून पाहिला. वस्तू आधी दिसली तर मन ‘आवडली का?’ असे विचारते, किंमत आधी दिसली तर ‘एवढ्या मोलाची आहे का?’ असे, हा त्यांचा निष्कर्ष. आणि नित्योपयोगी वस्तू स्वस्त असल्यास किंमत आधी सांगितल्याने ती घेण्याकडे कल वाढतो, असेही त्यांना आढळले. वांगी ही गरजेची व साडी हौसेची, हे ध्यानी घेता दोन्ही विक्रेत्यांचा व्यवहार शास्त्राला धरूनच आहे, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

तथापि या पुराव्यावरून निवाडा देताना सबुरी हवी. इन्सुला अनेक कामांत भाग घेते. ती चेतली एवढ्यावरून माणसाला किंमत बोचलीच, असे ठरविणे म्हणजे कार्यावरून एकच कारण गृहीत धरणे होय; अशा तर्काविषयीचा इशारा मेंदूसंशोधक रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ सालीच दिला होता. शिवाय प्रयोगातील किंमत आधीच ठरलेली असते. बाजारात मात्र ती ऐकल्यावरच खरा व्यवहार सुरू होतो, आणि डोके तसूभरही न हलविता यंत्रात निजलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही.