पन्हे आणि नानकटाई : घरगुती प्रमाण

चैत्रातील हळदीकुंकवाला ज्याच्यावाचून शोभा नाही, ते पन्हे करावयाचे तर कैऱ्या सालीसकट मऊ उकडून, निवल्यावर त्यांचा गर काढावा, आणि एक वाटी गरास, आंबटपणाचा अंदाज घेऊन, अदमासे दोन वाट्या चिरलेला गूळ घालावा. वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ व ऐपतीप्रमाणे केशर, एवढाच बाकीचा सरंजाम. पाणी आयत्या वेळी मिसळावे. उकडण्यात क जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो, हे मात्र ध्यानी असावे.

नानकटाईची सारी मदार तूप फेसण्यावर. घट्ट साजूक तूप एक वाटी व तितकीच पिठीसाखर परातीत घेऊन, ते मिश्रण पांढरेशुभ्र व हलके होऊन त्याचा ठिपका पाण्यावर तरंगू लागेपर्यंत, तळहाताने फेसत राहावे (येथे घाई करणाऱ्याने दुकानातूनच आणावी). मग दोन वाट्या मैदा, चिमूटभर खाण्याचा सोडा व वेलदोडा मिसळून, गोळे किंचित दाबून, १७० अंश सेल्सिअसवर १५ ते २० मिनिटे भाजावेत. निम्मी कणीक चालते. किंबहुना चवीस ती सरसच. भट्टीतून काढताना नानकटाई मऊ लागली तरी पुन्हा आत सारू नये. ती निवल्यावरच खुसखुशीत होते.