टॅक्स क्रेडिट म्हणजे वजावट नव्हे

अमेरिकेत मुलांना कॉलेजात शिकवणारे अनेक पालक ‘टॅक्स क्रेडिट’ (देय करातून थेट सूट) आणि ‘डिडक्शन’ (करपात्र उत्पन्नातली वजावट) एकच समजतात. किराणा दुकान आठवा. वजावट म्हणजे बिल होण्याआधी टोपलीतली एखादी वस्तू बाजूला काढणे. क्रेडिट म्हणजे झालेल्या बिलाच्या बेरजेतून रक्कम कापणे. कराचा दर २२ टक्के असेल, तर २,५०० डॉलरच्या वजावटीने ५५० डॉलर वाचतात. तेवढ्याच क्रेडिटने पूर्ण २,५०० वाचू शकतात.

‘अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी’ क्रेडिट पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी, किमान अर्धवेळ शिकणाऱ्यांना मिळते. फी आणि पुस्तकांच्या पहिल्या २,००० डॉलरवर पूर्ण, पुढच्या २,००० वर २५ टक्के. खोलीभाडे आणि जेवणखर्च त्यात धरत नाहीत. मूल पालकांच्या विवरणपत्रात अवलंबित असेल, तर क्रेडिट पालकांनीच घ्यायचे. उत्पन्नाचीही मर्यादा असते.

महाराष्ट्रातून एफ-१ व्हिसावर गेलेले विद्यार्थी करासाठी पहिली पाच वर्षे सहसा ‘अनिवासी’ ठरतात. त्यांना हे क्रेडिट साधारणपणे घेता येत नाही. कॉलेजकडून १०९८-टी (शिक्षण-फीचा तपशील देणारा) फॉर्म आला, म्हणजे पात्रता मिळाली असे नाही. विवरणपत्र भरण्याआधी आपली पात्रता नक्की तपासा.